बॅलन्स-रूमची किल्ली

१० फेब्रुवारी १९६१

सगळे उभे राहिले. मी बसून राहिले.

दोन मिनिटं मौन पाळायचं होतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं — जसं काही पेपरच सोडवायला बसलोय! शोकसभा माझ्यासाठी लांबवली होती म्हणे. 'मिस इनामदार सुतकातून उठून कामावर येऊ देत, मग घेऊ.' आले बाबा. घ्या. 'हिरेकोप्प येथील कॉलेजच्या दुर्दैवी विद्यार्थ्यांना आमची श्रद्धांजली.' दुर्दैवी! दैवाचा काय संबंध? दैवाने बाहेरून कुलूप घातलं होतं का?

सभेत एकानेही तोंडातून काढलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. हिरेकोप्पच्या हॉस्टेलात रोज संध्याकाळी मुलांना अभ्यासाच्या हॉलमध्ये बसवून बाहेरून कुलूप लावत. का, तर गावात तंबूचा सिनेमा आलाय, पोरं पळतात. त्या दिवशी कंदील कलंडला. कोपऱ्यात कापसाच्या गाद्यांची चळत होती, ती धुमसायला लागली. जाळ फार नव्हताच. धूर! पाच मुलं गुदमरून गेली. त्यातला एक आमचा रत्नाकर. इथे आमच्याच कॉलेजात सीट मिळाली असती तर घरचा डबा खाऊन शिकला असता. थोडे मार्क कमी पडले म्हणून तिकडे गेला. 'अक्का, दोन वर्षं तर आहेत, गेली की आलोच!' मला अक्का म्हणणारा तेवढा एकच होता.

कुलूप लावणारा मात्र जिवंत आहे. धडधाकट आहे. पगार घेतोय.

१२ फेब्रुवारी

उमाकांत येऊन गेला. आमच्या स्टुडंट्स युनियनचा सेक्रेटरी, शेवटच्या वर्षाला आहे, गोरा, तापट, बेळगावकडचा. युनियनतर्फे हिरेकोप्पला जाऊन आला. तिथल्या रखवालदाराला गाठून सगळं काढून घेतलं त्याने. आधी सांगेना. 'जाऊ दे मिस, तुम्हाला त्रास होईल.' मी म्हटलं, सांग, नाहीतर उठ इथून.

सुपरिंटेंडेंटचं नाव भीमाचार्य. केमिस्ट्रीचा प्रोफेसर — माझ्याच विषयाचा! कडक सोवळ्याचा माणूस. मुलांना कोंडून आपल्या क्वार्टरमध्ये संध्येला बसला होता. रखवालदार धावत गेला. 'स्वामी, किल्ली द्या! हॉलमध्ये धूर कोंडलाय!' किल्ली पाटाशेजारीच होती. पण संध्येत बोलायचं नाही, आणि रखवालदार ओवळा, त्याने सोवळ्यातल्या वस्तूला हात लावायचा नाही. मग याने काय केलं? हात वर केला. थांब म्हणून. आणि संध्या पुरी केली.

उमाकांतला मी दोनदा सांगायला लावलं.

१३ फेब्रुवारी

हात वर केला. थांब म्हणून.

१८ फेब्रुवारी

आज कॉलेजचा अभिमान वाटला. सगळ्यांच्या दंडाला काळ्या फिती. मोर्चा कब्बन पार्कपर्यंत गेला, मुलीसुद्धा पुढे होत्या. 'भीमाचार्याला शिक्षा करा!' — कन्नडमध्ये, इंग्रजीत, आणि उमाकांतची चार-पाच टाळकी मराठीत. त्याचा पुतळा केला होता. धोतर, उपरणं, कपाळावर गोपीचंदन, गळ्यात हे मोठं पत्र्याचं कुलूप! पेटवला तेव्हा मी जवळ जाऊन उभी राहिले. तोंडावर धग येत होती तरी हलले नाही. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

शालन मागून पदर ओढत होती, 'मिस, मागे या ना, मला धुराचा त्रास होतो.' मी म्हटलं, तू हो मागे. गेली बिचारी खोकत. निपाणीकडची पोर, लेडीज हॉस्टेलात राहते. दम्याने हैराण आणि परीक्षेच्या नुसत्या नावाने थरथर कापणारी. पण माझ्यामागे शेपटासारखी असते.

२ मार्च

नोटीस-बोर्डावरचं शोकाचं काळं कापड गेलं. त्या जागी क्रिकेट मॅचची नोटीस. झालं! संपला यांचा शोक! स्टाफरूममध्ये गणिताचे सर मला म्हणतात, 'प्रतिमाबाई, आता स्वल्प विसरायला शिका.' स्वल्प! दुकानात साखर मागतोय का हा? मी कपबशी आपटून उठून आले.

हिरेकोप्पहून रत्नाकरचा अंथरुणाचा होल्डॉल परत आला होता. आईने तो धुतला. जयनगरच्या या नव्या घरामागे सगळं मोकळं माळरान, वारा भणाणतो, दोन दिवस वाळत टाकला. तरी धुराचा वास आहेच. परत धुतला. आज तिसऱ्यांदा भिजत घातलेला पाहिला. अण्णा कारखान्यातून आले, बादलीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, 'पुरे गं आता. फाटेल तो.' आईने ऐकलं नाही. अण्णा चपला न काढताच घरात जाऊन बसले. असं कधी करत नाहीत.

७ मार्च

चौकशी संपली. अपघात! कुणाचाच दोष नाही! भीमाचार्याला हॉस्टेलच्या कामातून मुक्त केलंय — मुक्त! — प्रोफेसर म्हणून मात्र कायम. आईला सांगितलं. तिने हातातला तांब्या खाली ठेवला. 'म्हणजे तो घरी जेवतोय, झोपतोय?' मी म्हटलं, हो. 'बरं,' म्हणाली. एवढंच. तिचा तो 'बरं' मला सहन होत नाही. कुणीतरी या माणसाला धरून कुठेतरी कोंडायला हवं. एकदा, एकदाच कळू दे त्याला!

९ मार्च

अय्यो देवा! तो इथे येतोय!

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला युनिव्हर्सिटीने एक्स्टर्नल परीक्षक कोण पाठवावा? भीमाचार्य! यादी आधीच ठरलेली, बदलत नाहीत म्हणे. प्रिन्सिपॉलसाहेब मला केबिनमध्ये बोलावून चाचरत, 'मिस इनामदार, तुम्ही त्या आठवड्यात रजा घ्या हवं तर...' रजा? मी? म्हटलं, 'नको सर. लॅब माझ्या ताब्यात आहे. मीच उभी राहीन.'

हसू येत होतं, दाबलं.

११ मार्च

मुलांची सभा. एकमुखाने बहिष्कार — त्याच्यासमोर प्रॅक्टिकल द्यायचंच नाही! टाळ्या काय, शिट्ट्या काय. मीसुद्धा टाळ्या पिटल्या.

बाहेर आले तर शालन जिन्याखाली रडत बसलेली. 'मिस, बहिष्कार नको ना. माझं वर्ष जाईल. बाबा म्हणालेत, या वर्षी पास झालीस तर पुढे, नाहीतर मे महिन्यात लग्न. स्थळ बघून ठेवलंय.' तिची धाप थांबेना. पाणी पाजलं, पाठ चोळली. मनात म्हटलं, खरंच की! याची शिक्षा या पोरीने का भोगायची? बहिष्काराने त्याचं काय जाणार? तो भत्ता घेऊन परत जाईल.

उमाकांतला गाठून सांगितलं, बहिष्कार मागे घे. शालनसारख्या पोरी मरतील फुकट. त्याच्या एकट्याच्या वाट्याला येईल असं काहीतरी कर.

१७ मार्च

पाडवा. गुढी नाही, गोड नाही. शेजारच्या अहल्याबाई उगादीचा कडुनिंब-गूळ वाटीत घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि आईचं तोंड बघून तशाच परतल्या. रत्नाकरला तो कडुनिंब मी धरून भरवायची. बोट चावायचा मेला.

१९ मार्च

ठरलं!

कल्पना उमाकांतची, पण किल्ली माझी. लॅबच्या कॉरिडॉरमध्ये अगदी टोकाला बॅलन्स-रूम आहे. वजनं करायची खोली. वाऱ्याच्या झुळकेनेसुद्धा तराजू हलतो म्हणून तिच्या खिडक्या कायमच्या बंद, फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. दार जाड. आतून कितीही ओरडा, लॅबपर्यंत जेमतेम ऐकू येतं. परीक्षा संपली, मुलं गेली की एक्स्टर्नल त्या खोलीत एकटा बसून मार्क घालतो, दरवर्षीची पद्धत आहे. कडी-कुलूप बाहेरून. किल्ली डेमॉन्स्ट्रेटरच्या ताब्यात, म्हणजे माझ्या.

शेवटच्या दिवशी तो आत बसला की कुलूप लावायचं. अर्धा तास. उमाकांत जिन्यापाशी उभा राहून कुणाला वर येऊ देणार नाही. मग उघडायचं आणि विचारायचं, 'कसं वाटलं, आचार्य?' बस्स. 'कुणाला इजा नाही, मिस, फक्त धडा,' उमाकांत म्हणाला.

त्याला सांगितलं नाही ते इथे लिहिते. नुसतं कुलूप पुरेसं नाही. रत्नाकरला नुसतं कुलूप नव्हतं. आमच्या न्हाणीत बंबासाठी नारळाच्या शेंड्या असतात, त्या पत्र्याच्या डब्यात धुमसत ठेवल्या की केवढा धूर होतो! दाराखाली चांगली बोटभर फट आहे. केमिस्ट्रीच्या कॉरिडॉरमध्ये वास आला तर कुणी मानही वळवत नाही. खाऊ दे थोडा. खोकू दे. डोळ्यांतून पाणी येऊ दे त्याच्या.

२७ मार्च

आला.

मला वाटलं होतं धिप्पाड असेल. एवढासा माणूस! कोट अंगावर लोंबतोय, उपरण्याची घडी चुरगळलेली. लॅबमध्ये शिरताना दार लोटलं, मग परत मागे जाऊन ते सताड उघडं केलं आणि खाली वीट लावली. नाटकी!

एक्स्टर्नल हॉटेलात जेवत नसेल तर इंटर्नलच्या घरी पान मांडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. यंदा इंटर्नलच्या घरी 'अडचण' आली. दुसऱ्या सरांकडे 'पाहुणे' आले. तिसऱ्यांची बायको माहेरी. कॉलेजातलं एकही सोवळ्याचं घर त्याच्यासाठी उघडलं नाही. वा रे वा, माझ्या माणसांनो! आमचा लॅब-अटेंडंट देवाप्पा सांगत होता, 'अम्मा, ते केळी खाऊन राहिलेत. दुपारी दोन, सकाळी दोन.' म्हटलं, खाऊ दे.

मला नाव विचारलं. मुद्दाम खणखणीत सांगितलं, 'प्रतिमा इनामदार. रत्नाकर इनामदारची बहीण.' त्याचा चेहरा उतरला. सिंककडे वळून हात धूत राहिला. धुतोय, धुतोय! धू, जन्मभर धू.

२८ मार्च

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मराठी बरं बोलतो, धारवाडी वळणाचं. 'रखवालदाराने सांगितलं ते खरं आहे. मला वाटलं, पोरांनी बिड्या ओढल्या असतील. त्याचा धूर असेल.' मी मान वर केली नाही. ब्युरेट पुसत राहिले. 'मी आता संध्या करत नाही, बाई.'

मग काय करू? आरती ओवाळू? तू संध्या सोडलीस म्हणून आमचा रत्नाकर दारात येऊन उभा राहणार आहे? मला वाटलं होतं तो खोटं बोलेल, नाकारेल. कबूल करून बसला आणि माझा संताप दुप्पट झाला. बिड्या वाटल्या म्हणे!

एक क्षण मात्र... नाही. लिहीत नाही.

घरी आल्यावर शेंड्या निवडून पिशवीत भरल्या. आई बघत होती. 'कशाला गं?' 'लॅबला हव्यात.' 'बरं.'

२९ मार्च

वही पर्समध्ये होती म्हणून इथेच, कॉरिडॉरच्या बाकावर बसून लिहितेय. हे घरी जाऊन आठवून लिहायचं नाहीये मला. आत्ताच, होत असताना लिहायचंय.

परीक्षा संपली. शालनने शेवटी घोळ घातलाच. हात थरथरून क्रूसिबल उलटं केलं, सगळा साका टेबलावर सांडला. हुंदके द्यायला लागली. तो तिच्याजवळ गेला आणि वाकून हळूच काहीतरी बोलला. झापलं असणार, पोरीचे डोळे केवढे मोठे झाले! रडवलंन् माझ्या पोरीला. तेही आजच्या हिशेबात धर म्हटलं.

मुलं गेली. लॅब रिकामी झाली. कागदांचा गठ्ठा घेऊन तो बॅलन्स-रूममध्ये गेला, मी डोळ्यांनी पाहिला. मग मागच्या खोलीत जाऊन डबा पेटवला. शेंड्या दमट होत्या, धुमसायला वेळ लागला, पण काय सुंदर धूर धरला! परत आले तर दार लोटलेलं. आत स्टूल सरकल्याचा आवाज. कडी घातली. कुलूप लावलं. डबा फटीशी ठेवला आणि पुठ्ठ्याने वारा घातला. देवाप्पाने मघाशी थर्मासमध्ये कॉफी ठेवली होती, ती पेल्यात ओतून बाकावर बसले.

खोकला. ऐकू आला, अगदी बारीक.

आता दार वाजतंय. वाजव! अजून वाजव! रत्नाकरने असंच वाजवलं असेल. याने संध्या संपेपर्यंत थांबवलं, मी माझी कॉफी संपेपर्यंत थांबवणार. घाई नाही. चांगली गरम आहे, घोट-घोट घ्यावी लागतेय.

ओरडत का नाही? 'वाचवा' म्हण ना! माझं नाव घे! अजून मानी आहे मेला. नुसतं दार बडवतोय, आता खालच्या अंगाने. बसला वाटतं.

देवाप्पा मागच्या जिन्याने वर आला. त्या जिन्याचं उमाकांतच्या लक्षात आलं नसेल. 'अम्मा, आत कुणीतरी दार बडवतंय! किल्ली द्या!' माझ्या तोंडात कॉफीचा घोट होता. मी हात वर केला. थांब म्हणून. मुद्दाम! अगदी तस्साच! देवाप्पा बघतच राहिला.

किती दिवसांनी माझा जीव थंड झालाय. घरी जाऊन आईला सगळं सांगणार. आज तिला 'बरं' म्हणता येणार नाही.

वाजायचं थांबलं. दमला. राहू दे थोडा वेळ. तळाशी साखर राहिलीय, तेवढी कॉफी

६ एप्रिल

आत शालन होती.

भीमाचार्य कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडून आले, हातात पाण्याचा तांब्या. सगळे गेल्यावर ये, सांडलेलं गोळा करून परत वजन कर, असं त्यांनी तिला गुपचूप सांगितलं होतं. ती मागच्या जिन्याने वर आली होती. वर्ष जाऊ नये म्हणून. तिला धाप लागली तसे पाणी आणायला गेले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, माझ्या पेल्याकडे पाहिलं. तांब्या टाकून ओरडले, 'उठा बाई, उठा! मी उठलो नव्हतो!'

किल्ली माझ्याच कमरेला होती.

इन्स्पेक्टरला मी सगळं सांगितलंय. उद्या न्यायला येणार आहेत. आईने विचारलं, 'त्या पोरीला आई आहे का गं?'

आज हिरेकोप्पच्या कॉलेजात शालनसाठी शोकसभा झाली. सगळे उभे राहिले म्हणे.